चौथी चिठ्ठी

बूथमामा रेकॉर्ड ऐकताना तोंड उघडं ठेवायचे. थोडंसंच, करंगळी जाईल एवढं. डोळे मिटलेले, मान डावीकडे कललेली आणि ओठ विलग. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, माणूस बसल्या जागी झोपला. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी खोकून त्यांना जागं करायचा आगाऊपणा केला होता. डोळे न उघडताच ते म्हणाले, "तोंड मिटलं की आपल्याच दातांचा, आपल्याच गिळण्याचा आवाज कानात बसतो. ऐकायचं असलं तर आधी स्वतःला गप कर." मी तेव्हा नुकती डिप्लोमा करून चाकणच्या गिअरबॉक्सच्या कंपनीत क्वालिटीला लागले होते आणि स्वतःला गप्प करणं हा प्रकार मला अजिबात ठाऊक नव्हता. आजही फारसा जमत नाही.

त्यांचं नाव बूथमामा कसं पडलं हे काळेवाडीत कुणालाच नीट माहीत नव्हतं. सोसायटीतल्या लोकांची समजूत, मामांचा पूर्वी टेलिफोनचा बूथ असणार. निवडणुकीच्या दिवसांत एका पक्षाचे कार्यकर्ते मतदारयाद्या घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले होते, कोणता बूथ तुमच्याकडे म्हणून. खरा बूथ होता आमच्या कंपनीतला. असेंब्ली लाइनच्या टोकाला जाड दरवाजाची, भिंतींना फोम लावलेली एक खोली. तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स तिथे फिरवायचा आणि शेजारी उभ्या माणसानं नुसत्या कानानं सांगायचं, हा जाऊ द्या, हा परत खोला. मोजायची यंत्रंही होती. पण यंत्राचं आणि मामांचं पटलं नाही तर साहेब लोक गिअरबॉक्स खोलायला लावायचे, आणि आत मामांनी सांगितलेलाच दात घासलेला निघायचा. उदगीरकडून आलेला, आयटीआय झालेला हा माणूस सगळी नोकरी त्या खोलीत उभा राहिला.

जॅझ त्यांच्या आयुष्यात त्या खोलीतूनच आलं. बूथ बसवायला परदेशातून एक म्हातारा इंजिनिअर आला होता. गिअरबॉक्सला हात लावू देण्याआधी त्यानं मामांना महिनाभर एकच रेकॉर्ड ऐकवली. चार वादक, एक खोली, सगळे एकाच वेळी वाजवतायत. म्हातारा खुणेनं सांगायचा, आज फक्त डबल बास, तो तारांचा खालचा जाड सूर, ऐक, बाकीचे तिघे नाहीतच असं समज. दुसऱ्या दिवशी फक्त ड्रमवर फिरणारा ब्रश. मामा म्हणायचे, "गिअरबॉक्सात बी तसंच असतंय. सगळे एकदम बोलतेत. एकेकाला बाजूला काढून ऐकता आलं की दोषी सापडतो." म्हातारा जाताना ती रेकॉर्ड आणि प्लेअर ठेवून गेला आणि मामांना नाद लागला तो कायमचा. वादकांची नावं त्यांना कधी पाठ झाली नाहीत. तो पियानोवाला, तो बासवाला, तो धापा टाकणारा सॅक्सवाला, एवढीच त्यांची ओळख. पण कुठला वादक खोलीत कुठे बसलाय, भिंतीपासून किती लांब, हे ते हात लांब करून दाखवायचे आणि आम्ही मुकाट्यानं त्या रिकाम्या जागेकडे बघायचो.

आम्ही म्हणजे तिघं. मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढून हिंजवडीला एका कंपनीत गेले, यंत्रांच्या चाचण्यांचं सॉफ्टवेअर करायला. तोवर मामा निवृत्त झाले होते. सतीशचं काळेवाडीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मामांचा जुना अँप्लिफायर त्यानं दुरुस्त केला आणि मग दुरुस्त केलेलं चाललंय का हे बघायला तो येतच राहिला. तिसरे रावेतचे दातांचे डॉक्टर. माझी दाढ कोरताना त्यांच्या दवाखान्यात सॅक्सोफोन वाजत होता आणि मी तोंडात कापूस असताना, रेकॉर्डिंग चांगलं आहे पण आवाज फुगवलाय, असं म्हणायचा प्रयत्न केला. डॉक्टर जगभरातून महागड्या रेकॉर्डी मागवत आणि त्यातल्या निम्म्या बोगस निघत. त्यांना मामांची फारच गरज होती. दर दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही मामांच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जमायचो. खिडक्यांना गाद्या लावायच्या, मामी कुकर बंद ठेवायच्या आणि यंत्रांच्या खोक्यांच्या लाकडातून मामांनी स्वतः बनवलेल्या स्पीकरांसमोर आम्ही ओळीनं बसायचो.

एकच अल्बम किती रूपांत मिळतो हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला वेडेपणा वाटेल. जुनी रेकॉर्ड, नव्यानं कापलेली जाड रेकॉर्ड, रिमास्टर केलेली, म्हणजे जुन्या टेपचा आवाज नव्यानं घासूनपुसून काढलेली सीडी, सुपर ऑडिओची सीडी, शिवाय इंटरनेटवरून उतरवायच्या फाइल. प्रत्येकावर लिहिलेलं असतं, मूळ टेपवरून, पहिल्यांदाच, आजवर ऐकली नसेल अशी. मामांचा यातल्या एकाही शब्दावर विश्वास नव्हता. निरोप समारंभाला कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं तेव्हा त्यांनी बूथमधला जुना आवाज मोजायचा मीटर मागून घेतला होता. दोन रेकॉर्डी समोरासमोर लावायच्या आधी ते दोन्हींचा आवाज मीटरवर सारखा करून घ्यायचे. "नवी मोठी वाजती म्हणून चांगली वाटती. मोठा तर लग्नातला बँजो बी वाजतो," असं म्हणून ते डॉक्टरांकडे बघायचे, आणि डॉक्टर आपण आणलेल्या रेकॉर्डकडे बघायचे.

टेपची सळसळ पुसून काढलेल्या रिमास्टरवर तर त्यांचा दात होता. एका जुन्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला बासच्या एकट्या तुकड्यात मागे कुणीतरी ग्लास खाली ठेवतं आणि एक खुर्ची करकरते. डॉक्टरांनी त्याच अल्बमची साफ केलेली नवी आवृत्ती आणली. सळसळ गेली होती आणि तिच्याबरोबर ग्लासही गेला होता, खुर्चीही गेली होती, ड्रमवाल्याच्या सिंबलचा, त्या पितळी झांजेचा आवाज विरत जातो ते शेवटचं टोकही छाटलं गेलं होतं. मामांनी ती पुरती ऐकूनही घेतली नाही. "माणसं उठून गेली की ह्यातली," एवढंच म्हणाले आणि डॉक्टरांच्या हातात दिली. मामा खोली ऐकायचे. सूर सगळ्यांनाच ऐकू येतात, खोली ऐकू येणारी रेकॉर्डच घ्यायची, असा त्यांचा दंडक होता, आणि आम्ही तो डोळे झाकून पाळायचो.

आता चिठ्ठ्यांचं सांगते. बूथमध्ये मामांनी एक पद्धत बसवली होती. शंकेचा गिअरबॉक्स दोघांनी वेगवेगळा ऐकायचा, निकाल चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची आणि मगच एकमेकांचा बघायचा. "दोन तपासणारे एकमेकांची तोंडं बघून निकाल द्यायला लागले, की एकच तपासणारा उरतो," हे त्यांचं वाक्य मी आजही नव्या लोकांना ऐकवते. हीच पद्धत रविवारी होती. रेकॉर्ड संपली की कुणी चकार शब्द काढायचा नाही. चौघांनी पास किंवा नापास लिहायचं, खाली कारण, आणि घडी घालून चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकायची. आधी आमच्या तिघांच्या उघडायच्या, मामांची चौथी, शेवटी. मग चारही चिठ्ठ्या त्या रेकॉर्डच्या पाकिटात ठेवून द्यायच्या. नवीन असताना आमच्या चिठ्ठ्या चार दिशांना जायच्या आणि मामांची उघडली की आम्हाला कळायचं आपण काय ऐकलं नाही. वर्षभरात आम्ही तिघंही त्यांच्या जवळपास येऊ लागलो. माझ्या आयुष्यात मला कुठल्या परीक्षेत पास झाल्याचा इतका आनंद झाला नव्हता.

निवृत्तीनंतर मामा घरी बसले नव्हते. चाकणला एक छोटा कारखाना होता, गोदामात माल वर-खाली करणाऱ्या होइस्टचे गिअरबॉक्स बनवणारा. तिथे त्यांना तपासणीला बोलावलं होतं. तिथे बूथ नव्हता, मोजायची यंत्रं नव्हती. एक पत्र्याची खोली, एक स्टूल आणि मामा. त्यांनी हो म्हटलं की गिअरबॉक्सवर शिक्का पडायचा आणि तो गाडीत चढायचा. मामा रोज सकाळी टिफिन घेऊन बसनं जायचे आणि मामी म्हणायच्या, घरी बसवत नाही ह्या माणसाला.

एका रविवारी डॉक्टरांनी नवं रिमास्टर आणलं. जाड रेकॉर्ड, देखणं कव्हर. सुरू झाल्यापासून डाव्या स्पीकरमधून एक बारीक, उंच शिट्टी येत होती. टेपवरून उतरवताना कुठल्यातरी यंत्राचा आवाज मिसळला असणार. एकदा ऐकू आल्यावर दुसरं काही ऐकू येईना, दातात काही अडकावं तशी ती शिट्टी डोक्यात अडकली. चिठ्ठ्या उघडल्या. सतीश, नापास. डॉक्टर, नापास. मी, नापास, डावीकडे शिट्टी. चौथी चिठ्ठी उघडली, तिच्यावर मामांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: पास, खोली फार छान.

त्यांनी रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा ऐकली. कान स्पीकरच्या जवळ नेला. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, सर्दी झालीये दोन दिवस. आम्ही लगेच माना डोलावल्या. निघताना मात्र त्यांनी मला दारात थांबवलं. "ज्याचा कान जातो त्याला कळत न्हाई, पोरी. ऐकू येत न्हाई ते ऐकू येत न्हाई, हे त्याला कोण सांगणार? मी तिकडं दिवसभर शिक्के मारतोय. तुमच्या चिठ्ठ्या हायत म्हणून मी बिनघोर हाय." त्यांच्या चेहऱ्यावर मी त्याआधी कधी भीती पाहिली नव्हती. मी म्हटलं, सर्दीच आहे मामा, काळजी करू नका.

दोन दिवस ते जेवले नाहीत, असं मामींनी फोनवर सांगितलं. पुढच्या बैठकीला मी रेकॉर्ड ऐकली नाही, मी मामांचा चेहरा ऐकला. त्यांना आवडलं की त्यांचा उजवा अंगठा गुडघ्यावर अगदी हलकेच फिरायचा. तो फिरत होता. वरच्या पट्टीत आवाज चिरका होता, सिंबल पत्र्यासारखे वाजत होते. मी लिहिलं, पास. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा चारही पास निघाल्या. मामा इतके खूश झाले की त्यांनी स्वतः उठून कुकर लावायला सांगितलं आणि आम्हाला जेवायला ठेवून घेतलं. "बघ, सर्दीच होती," ते मला म्हणाले. मी वरण-भात खाल्ला आणि मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

असं पाचसहा महिने चाललं असेल. मग एकदा बैठक संपवून जिना उतरताना डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर थांबले आणि हळूच म्हणाले की आजची रेकॉर्ड भयंकर होती, नाही का? सतीश खालच्या पायरीवर थबकला. मीही थबकले. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच खोटं लिहितोय, बाकीच्या दोघांना खरंच चांगली वाटली असणार, तेव्हा मामांचा कान ठीकच असेल. तिघंही खोटे निघालो. मला तर हसू आलं, आणि मग आम्ही तिघंही हसलो. त्याच जिन्यात आमचं ठरलं की हे असंच चालू द्यायचं. म्हातारा माणूस आहे, एवढा एकच आनंद आहे, कुणाचं काय बिघडतं. डॉक्टर म्हणाले, मी दातांचा डॉक्टर आहे, कानाचा नाही. सतीश म्हणाला, मामांना सांगायची माझी छाती नाही. आणि मी, जिला चाकणच्या त्या पत्र्याच्या खोलीबद्दल सगळं माहीत होतं, मी म्हटलं की गिअरबॉक्सचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, तो त्यांना ऐकू येत असणारच.

हे खोटं होतं आणि ते मला माहीत होतं. मामांनीच शिकवलं होतं मला. बेअरिंगचा दोष आधी बारीक, उंच आवाजात बोलतो. तो जाड आवाजात बोलू लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. ज्या पट्टीत ती शिट्टी होती त्याच पट्टीत बेअरिंग पहिल्यांदा तक्रार करतं. त्या दोघांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं.

तीन वर्षं आम्ही चिठ्ठ्या लिहिल्या. कारणंसुद्धा लिहायचो, खोली छान, बास भरदार. आम्ही इतके तरबेज झालो की मामांचा अंगठा बघायचीही गरज उरली नाही. मामा हळूहळू चिरक्या रेकॉर्डी निवडू लागले, सिंबल ठणाणा वाजणाऱ्या, कारण तेवढेच त्यांना ऐकू येत होते. डॉक्टरांचं कपाट त्या रेकॉर्डींनी भरलं आणि डॉक्टर घरी त्या कधी लावत नसत. मामींनी दाराची बेल बदलून कर्कश बेल बसवली. मामांना हाक मारताना त्या समोर जाऊन उभ्या राहू लागल्या. आम्ही हे सगळं बघत होतो आणि दर दुसऱ्या रविवारी डब्यात पास टाकत होतो.

मग चाकणच्या रस्त्यावरच्या एका गोदामात होइस्टचा गिअरबॉक्स अडकून फुटला आणि वरचा माल खाली आला. खाली जालन्याकडचा एक हमाल उभा होता. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. गिअरबॉक्स खोलला तेव्हा बेअरिंगच्या कड्याला जुनी चीर निघाली, बसवल्या दिवसापासूनची. शिक्का मामांचा होता. कारखान्याच्या मालकानं मामांना समजावलं की क्षमतेपेक्षा जास्त माल लादला होता असं सांगू, तुम्ही बोलू नका. मामांनी ऐकलं नाही. आवाज पहिल्या दिवसापासून आला असणार आणि तो मला ऐकू आला नाही, असं त्यांनी लिहून दिलं आणि खाली सही केली.

त्या हमालाला बघायला ते दवाखान्यात गेले होते. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. तिथून ते थेट चिंचवडच्या एका कानाच्या डॉक्टरकडे गेले आणि कान तपासून घेतले. मग आम्हाला रविवारी बोलावलं. खिडक्यांना गाद्या नव्हत्या. टेबलावर कानाच्या तपासणीचा आलेख होता, वरच्या पट्टीत रेष धाडकन खाली उतरलेली, आणि त्याच्या शेजारी डॉक्टरांकडून मागवून घेतलेल्या गेल्या चार वर्षांतल्या रेकॉर्डी, पाकिटांतून चिठ्ठ्या बाहेर काढलेल्या. मामांनी त्या तारखेप्रमाणे लावल्या होत्या. बूथचा माणूस, कागद कसा वाचायचा ते त्यांना कळत होतं. सर्दीच्या दिवसापर्यंत चिठ्ठ्या भांडत होत्या. त्यानंतर एकदाही भांडल्या नव्हत्या.

त्यांनी महिन्यापूर्वी पास झालेली एक रेकॉर्ड लावली आणि फक्त मला विचारलं. "तू बूथमधली हायस. ह्यात काय हाय ते सांग."

मी सांगितलं. सिंबल चिरके, पियानोच्या वरच्या पट्ट्या काचेसारख्या, खोली नाहीच. सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"मग पास कामून लिहिलंस?"

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं मी म्हटलं. याहून हलकं उत्तर जगात नसेल, पण खरं तेच होतं.

मामांनी त्या चिठ्ठ्या एकावर एक रचल्या. आवाज न चढवता म्हणाले, "वाईट वाटलं असतं. दोन दिवस जेवलो नसतो. तिसऱ्या दिवशी काम सोडलं असतं. एवढंच झालं असतं, पोरी."

सतीश रडायला लागला. डॉक्टर उठून खिडकीशी गेले. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या आत आल्या आणि आमच्या तिघांकडे बघून म्हणाल्या, "मी अडाणी बाई. टीव्ही मोठा लावतेत, मला वाटलं वयाचं असंल. तुमी तर त्यांचा कान बघायलाच येत होता ना इथं? दर रविवारी? मग काय बघितलंत?" मामींनी त्या दिवशी चहा विचारला नाही आणि आम्हीही थांबलो नाही.

मामांनी काम सोडलं, पण ते सुटलं नाही. त्या तीन वर्षांत शिक्का मारलेल्या गिअरबॉक्सचे नंबर त्यांच्या वहीत होते. मालकानं ते परत मागवायला नकार दिला, तेव्हा मामा स्वतः निघाले. चाकण, महाळुंगे, कुरुळी, जिथे जिथे ते होइस्ट गेले होते त्या त्या गेटवर जाऊन ते सांगायचे की तुमच्या होइस्टचा गिअरबॉक्स मी तपासलाय, मी बहिरा आहे, तो खोलून बघा. वॉचमन लोकांना वाटायचं हा कुठल्यातरी कंपनीचा एजंट. काहींनी हाकलून दिलं, काहींनी खोलून बघितलं. दोन ठिकाणी बेअरिंग खराब निघालं, वेळेवर. शनिवारी मी गाडी घेऊन जायचे. मामा माझ्या शेजारी बसायचे नाहीत, मागच्या सीटवर बसायचे, वही मांडीवर. मी काही बोलले तर त्यांना खरंच ऐकू यायचं नाही की ते बोलत नव्हते, हे मला कधी कळलं नाही. उन्हात गेटवर उभं राहून राहून त्यांच्या पायांना सूज यायला लागली. मी सांगून बघितलं, आता पुरे करा. त्यांनी वहीतला पुढचा नंबर वाचून दाखवला.

यादी संपायच्या आतच हृदयानं त्यांना अंथरुणाला खिळवलं. राहिलेल्या गेटांवर सतीश आणि मी गेलो. बैठका तर कधीच बंद झाल्या होत्या. कानाला मशीन लावलं होतं, पण त्यातून पियानो डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो म्हणून ते बहुतेक वेळ उशीखाली पडलेलं असायचं. मामी माझ्याशी पुन्हा बोलू लागल्या होत्या, जेवढ्यास तेवढं. मी जायचे, बसायचे, परत यायचे. ते मला कधी टाकून बोलले नाहीत. टाकून बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला रावेतच्या रस्त्यावर गाडीत बसून कितीदा तरी वाटलं.

मी त्यांच्याकडे शेवटचं गेले तेव्हा एक रेकॉर्ड घेऊन गेले होते. तिघा वादकांचा जुना अल्बम, मूळ टेपवरून नव्यानं उतरवलेला. महिनाभर मी तो घरी ऐकत होते. तीन आवृत्त्या जमवल्या होत्या, तिन्हींचा आवाज मीटरवर सारखा केला होता, नवऱ्याला लावायला सांगून पाठ फिरवून ऐकल्या होत्या, प्रत्येक वेळी कागदावर लिहिलं होतं आणि प्रत्येक वेळी हीच वर आली होती. सळसळ जागच्या जागी होती. बासवाला तार ओढायच्या आधी श्वास घेतो तो ऐकू येत होता. सिंबलचा आवाज शेवटपर्यंत, अगदी शेवटपर्यंत विरत जात होता. मामींनी उशीखालचं मशीन काढून मामांच्या कानात बसवलं आणि मी रेकॉर्ड लावली. एक बाजू पूर्ण होईपर्यंत ते छताकडे बघत पडून राहिले.

मग त्यांनी विचारलं, "कशी हाय?"

मी सगळं सांगितलं. श्वासाचं सांगितलं, सिंबलचं सांगितलं, खोलीच्या मागच्या भिंतीचं सांगितलं, वादक कुठे कुठे बसलेत ते हात लांब करून दाखवलं. म्हटलं, मामा, इतकी चांगली रेकॉर्ड मी आजवर ऐकलेली नाही.

त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यात राग नव्हता, उलट माया होती. ते म्हणाले, "तू तसंच म्हणणार."

त्यानंतर तीन आठवड्यांनी मामा गेले. ती रेकॉर्ड अजून माझ्याकडे आहे. ती खरंच चांगली होती.